कातकामाची कहाणी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा चिटणीस वहिनींचा निरोप आला, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच मला शाळेत कळले, आणि त्यातल्या सनावळ्या पुढे विसरूनही गेले. तसे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या पडवीत जे चालते, त्याचा इतिहास लिहा. तो आमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे?"

आमच्या पडवीत लाकूड कातण्याचे काम चालते, हे आळीतल्या भगिनींना माहीत आहेच. दुपारी दोन ते चार त्या लेथचा आवाज त्यांच्या वामकुक्षीत येतो, त्याबद्दल आधी क्षमा मागते आणि मग कहाणीला सुरुवात करते.

आपल्या भाषेची एक गंमत पाहा. आपण सूत कातायचे आणि लाकूडही कातायचे. दोन्ही कामांत वस्तू फिरते आणि हात स्थिर राहतो. फिरत्या लाकडाला पटाशी टेकवून त्याला गोल आकार द्यायचा, हे कातकाम. आणि ते करणारा तो कातारी. भगिनींनो, आपल्या घरात एकदा नजर टाका. लाटणे कातीव. ताकाची रवी कातीव, तिच्या पाकळ्या तेवढ्या मागून कोरतात. कुंकवाचा जुना करंडा, देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचे खूर, माडीच्या जिन्याचा कठडा, बाळाचा खुळखुळा, मुलांचा भोवरा, हे सारे कातीव. जन्मल्यापासून आपण कातलेल्या लाकडाच्या संगतीत वाढतो, पण ते कोणी व कसे केले याचा विचार सहसा मनात येत नाही.

ही विद्या फार जुनी आहे. माझ्या भाचीने तिच्या पुस्तकातले एक चित्र मला दाखविले. इजिप्त देशात तूना एल-गेबेल येथे पेतोसिरिस नावाच्या पुजाऱ्याची समाधी आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांची. तिच्या भिंतीवर लाकूड कातणारी दोन माणसे कोरलेली आहेत. लाकूड कातत असल्याचे स्पष्ट दिसणारे जगातले ते सर्वांत जुने चित्र मानतात. त्यातला एक जण हत्यार धरून बसला आहे आणि दुसरा समोर बसून दोरी ओढतो आहे. ते चित्र मी सासूबाईंना दाखविले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि दोरीवाल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मी."

त्यांच्या या दोन शब्दांमुळेच खरे म्हणजे मी हा लेख लिहायला बसले.

दोरीचा लेथ कसा चालतो, ते आजच्या मुलींना सांगायला हवे. लाकडाचा तुकडा दोन लोखंडी टोकांच्या मध्ये आडवा धरायचा. त्याला दोरीचे वेढे द्यायचे. दोरीची दोन्ही टोके एकीने हातांत धरून आळीपाळीने ओढायची. म्हणजे लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. आपण रवीला दोरी गुंडाळून ताक घुसळीत असू, अगदी तसेच. रवी कातण्यासाठीही रवीसारखीच दोरी! लाकूड कातणाऱ्याच्या अंगावर फिरत येते तेव्हाच पटाशी कापते. उलटे फिरू लागले की ती केसभर उचलून धरायची. कातारी जमिनीवर बसतो, पटाशी हाताने धरतो आणि पायाच्या अंगठ्याने तिला आधार देतो. कोठे एकच माणूस एका हाताने धनुकली ओढतो व दुसऱ्या हाताने कातो. पण मोठे लाकूड असले की दोरीला दुसरे माणूस लागतेच. ते माणूस बहुधा घरातले असते, बायको नाही तर पोर.

आपल्या देशातही फिरवून आकार देण्याची कला किती पुढे गेली होती, ते कर्नाटकात बेलूरला दिसते. होयसळ राजा विष्णुवर्धनाने १११७ साली तेथे देवालयाची प्रतिष्ठा केली. त्याच्या मंडपातले दगडी खांब वळ्यावळ्यांचे आणि इतके गुळगुळीत आहेत, की ते फिरवून कातले असावेत असे जाणकार मानतात. लाकडाची विद्या दगडाने उचलली, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या गावाकडे येते. आपल्या सावंतवाडीचे नाव लाकडी खेळण्यांनी दूरवर गेले. येथल्या भोसले संस्थानिकांनी या कलेला आश्रय दिला. तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ या काळात गादीवर होते. त्यांच्या वेळी दरबारात गंजिफाच्या खेळाची आवड रुजली, असे सांगतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकशे वीस गोल पाने. ती रंगविणारी चितारी मंडळी खेळणी, पाट, चौरंग, पाळणे व देव्हारेही रंगवीत. चितार आळीत आजही लाकडी फळांनी भरलेल्या परड्या दुकानापुढे मांडलेल्या दिसतात. मुलीच्या रुखवतात त्या फळांची परडी मांडायची हौस आपल्याकडे अजून आहे.

ती फळे पांगाऱ्याच्या लाकडाची करीत. पांगारा हलका आणि मऊ. पटाशीला त्रास देत नाही आणि लहान मुलाच्या हातालाही जड होत नाही. कातलेल्या वस्तूला रंग चढवायचा तो लाखेचा. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर एक बारीक किडा राहतो, त्याने अंगाभोवती केलेला चिकट कोष. पांडवांसाठी बांधलेल्या लाक्षागृहामुळे लाख चटकन पेट घेते हे आपण कथेत ऐकलेले असते. कातारी मात्र तिला पेटू देत नाही. लाख गरम करून, तीत रंग मळून तिच्या कांड्या करायच्या. वस्तू लेथवर फिरत असताना कांडी तिच्यावर दाबून धरायची. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचे पान घेऊन ते फिरत्या वस्तूवर दाबायचे, की लाख सारखी होते आणि आरशासारखी चकाकी येते. कुंचला लागत नाही आणि वाळत ठेवण्याचीही गरज नसते. मी प्रथम हे पाहिले तेव्हा केवड्याचा गणपतीपुढे ठेवण्याखेरीज असाही उपयोग असतो, याचे मला मोठे नवल वाटले.

काळ फिरला. संस्थाने गेली, राजाश्रय गेला, प्लास्टिकची खेळणी आली. गंजिफा रंगविणारे हात तर बोटांवर मोजण्याइतके उरले. अशा वेळी राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चितारी कलावंताकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि १९७० नंतरच्या वर्षांत राजवाड्यातच कारागीर बसवून कला पुन्हा उभी केली. राजवाड्याच्या दरबारात बसून मुली गंजिफा रंगवितात, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. हा इतिहास छापलेला आहे, पाहुण्यांना तो सांगितलाही जातो. पण दोरीचा इतिहास कोणी छापला नाही. तो आमच्या घरात आहे, म्हणून तो मी लिहिते.

माझे सासरे कातारी होते. सासूबाई १९६२ साली लग्न होऊन या घरात आल्या. लग्नानंतर पाचव्या दिवशी त्यांच्या हातात दोरी आली. सकाळी भाकऱ्या झाल्या की दोरी, दुपारची जेवणे झाली की पुन्हा दोरी. माझे यजमान पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत त्यांनी दोरी ओढली. दोन्ही तळहातांना घट्टे पडले, ते आज एक्याऐंशीव्या वर्षीही हाताला लागतात. अशी बावीस वर्षे गेली. १९८४ साली सासऱ्यांनी अर्ध्या अश्वशक्तीची जुनी मोटर विकत घेऊन लेथला लावली, तेव्हा ती दोरी खुंटीवर गेली.

खेळणी नेणारा व्यापारी वहीत सासऱ्यांचे नाव लिही. ते रीतीप्रमाणेच होते, त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पण सासरे २०११ साली वारल्यावर कारागिराच्या ओळखपत्रासाठी सासूबाईंना घेऊन मी एका कचेरीत गेले. तेथल्या माणसाने विचारले, "आजी, तुम्ही काय करीत होता?" त्या म्हणाल्या, "दोरी ओढत होतंय." तो म्हणाला, "ती मजुरी झाली, कला नव्हे." सासूबाई काही बोलल्या नाहीत. परत येताना मोती तलावाच्या काठावर जरा बसू म्हणाल्या. बसल्यावर एवढेच बोलल्या, "पोरां खेळणी बघतत. दोरी कोण बघता?"

त्या दिवशी मला राग आला, पण त्या माणसाला काय उत्तर द्यावे ते कळले नव्हते. ते उत्तर मला नऊ वर्षांनी मिळाले. २०२० साली टाळेबंदी लागली. यजमान एस. टी. त नोकरीला, गाड्या बंद, पगार अनियमित. घरी बसून दिवस जाईना. पडवीत सासऱ्यांचा लेथ धूळ खात पडला होता. एके दिवशी मी तो पुसला, मोटर चालू करून पाहिली, ती चालली. सर्पणातला एक आंब्याचा दांडका लावला आणि सासऱ्यांची पटाशी टेकवली. दांडका उसळून थेट तुळशी वृंदावनापर्यंत गेला.

आत माजघरात सासूबाई खाटेवर पडून होत्या. तेथूनच म्हणाल्या, "गो, पटाशी टेकवूची, दाबूची नाय." मी पुन्हा केले. त्या पुन्हा आतून म्हणाल्या, "आता खाली धरलंस. वर घे." मी चकित झाले. त्यांना दिसत तर काहीच नव्हते! मी आत जाऊन विचारले, तर म्हणाल्या, "दोरयेक सगळा कळता. आवाजान पण कळता." बावीस वर्षे त्यांच्या हातातल्या दोरीला प्रत्येक धक्का लागला होता. पटाशी कोठे अडते, कोठे घसरते, लाकडात गाठ कधी येते, धार केव्हा बोथटते, हे सारे दोरीतून त्यांच्या हातात आणि हातातून कानात उतरले होते. सासऱ्यांचे काम बिघडायच्या आधीच त्या ओढ सैल करीत, म्हणून बिघडत नसे. त्या कचेरीतल्या माणसाला द्यायचे उत्तर ते हेच. हत्यार न धरताही त्यांनी बावीस वर्षे कातकाम केले होते. माझी गुरू त्या, आणि त्यांनी खाटेवर पडून, डोळे मिटून मला शिकविले.

पहिली आठ लाटणी वाया गेली. एक मध्येच बारीक, एक वाकडे, एकाची मूठ तुटली. नववे लाटणे पोळपाटावर ठेवले तेव्हा ते सरळ धावले. त्या रात्रीच्या पोळ्या मी त्याच लाटण्याने लाटल्या. भगिनींनो, आपण रोज स्वयंपाक करतो, तो रोज संपतो. धुणे धुतो, ते उद्या पुन्हा मळते. आपल्या हातचे काम टिकून राहिलेले आपल्याला फारसे पाहायला मिळत नाही. ते लाटणे मात्र आज पाच वर्षे तसेच आहे. हा आनंद काही वेगळाच. रशियाचा झार पीटर (१६७२ ते १७२५) एवढा मोठा बादशहा, पण त्याने राजवाड्यात लेथ बसवून घेतले होते आणि तो स्वतः कातीत बसे. त्याचे लेथ सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात जपलेले आहेत. त्याला कशाची ददात होती? पण हा आनंद खजिन्यात मिळत नसावा.

मोटर नसली तर काम अडते असेही नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंची या इटालियन चित्रकाराने पायाने चालवायच्या लेथचे चित्र काढून ठेवले आहे. पायटा दाबला की जड चाक फिरते आणि ते लाकडाला एकाच दिशेने फिरवीत राहते. आपले पायाचे शिवणयंत्र ज्या तत्त्वावर चालते, तेच हे. म्हणजे ज्या भगिनीला शिवणयंत्र चालविता येते, तिच्या पायांना अर्धा लेथ आधीच आला आहे!

आता लाकडाविषयी. मी नवे लाकूड विकत घेत नाही. प्रथम पैसे नव्हते म्हणून घेतले नाही. पुढे जुन्याचीच गोडी लागली. ताजे लाकूड ओले असते. कातून ठेवले की वाळताना आखडते, वाकते, तडकते. जुन्या घराच्या खांबाने पन्नास पावसाळे आणि पन्नास उन्हाळे सोसलेले असतात. त्याचे आखडायचे ते आखडून झालेले असते. चांगले लाकूड किती टिकते ते पाहायचे असेल, तर एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जाल तेव्हा शेजारच्या लेण्यात मान वर करून पाहा. छताला लाकडी फासळ्या आहेत, त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या.

जुने लाकूड वापरण्याची शिकवण आपल्या इतिहासातही आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास जे आज्ञापत्र लिहिले, त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे ते सांगितले आहे. आंबा, फणस ही झाडेही जहाजांच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू नये. कारण ती वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढविलेली असतात. अगदी जीर्ण झालेले झाड असेल, तरच मालकाला राजी करून, त्याला पैसे देऊन तोडावे, असा त्या सांगण्याचा भावार्थ आहे. तीनशे वर्षांपूर्वी लढाऊ जहाजे बांधणाऱ्या राज्याला जी दया होती, ती एका लाटण्यासाठी आपल्याला असायला काय हरकत आहे?

जुन्या लाकडाचे धोकेही सांगायला हवेत. पहिला धोका खिळ्यांचा. वरून दिसत नाहीत, पण आत मोडून राहिलेले असतात. पटाशीला लागले की धार जाते आणि तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो. मी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवून घेते. दुसरा धोका जुन्या तेलरंगाचा. त्यात पुष्कळदा शिसे असते. तसले लाकूड खेळण्यांना आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंना वापरायचे नाही. मालाच्या मोठ्या खोक्यांच्या फळ्या मिळतात, त्यांच्यावर शिक्का पाहावा. 'एच टी' असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. 'एम बी' असेल तर विषारी धुरी दिलेली असते. ते घेऊ नये. आणि शेवटचे म्हणजे आपल्या स्वतःविषयी. लेथपुढे पदर खोचून, केस घट्ट बांधून, बांगड्या काढून बसावे, नाकातोंडाला फडके बांधावे, डोळ्यांवर चष्मा लावावा. बांगड्या काढण्याला एकदोघींनी नाक मुरडले. मी म्हटले, बांगडी काढून ठेवली तर पुन्हा भरता येते, बोट गेले तर येत नाही.

आता मंडळाच्या कामाविषयी लिहून लेख पुरा करते. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि त्याच वर्षी आपले मंडळ सुरू झाले. ज्या कौलारू खोलीत पहिली सभा झाली, तिचे छप्पर गेल्या पावसाळ्याआधी उतरवून पत्रे घातले. त्या वेळी मधली तुळई खाली आली. फणसाची, बारा फूट लांब, सहा इंच रुंद, सहा इंच जाड, धुराने काळी झालेली. दोन्ही टोके वाळवीने खाल्ली होती. सर्पणवाला सातशे रुपये द्यायला तयार होता. कार्यकारिणीत मी म्हटले, ती मला द्या, सातशे रुपये मी भरते. एक बाई म्हणाल्या, "वाळवीच्या लाकडाचे काय करणार?" मी म्हटले, "टोके खाल्ली आहेत, मध्य शाबूत आहे." दुसऱ्या एकजणी हळूच म्हणाल्या, "आपल्यासारखेच की!" सगळ्या हसल्या आणि तुळई आमच्या पडवीत आली.

यजमानांनी आणि मी ती करवतीने कापली. काळी साल जाताच आतले लाकूड मधासारखे पिवळे निघाले आणि पडवीभर वास सुटला. मधला आठ फुटांचा भाग निरोगी होता. त्याचे साडेचार साडेचार इंचांचे एकवीस ठोकळे झाले आणि प्रत्येकाचे चार, म्हणजे चौऱ्याऐंशी तुकडे. खिळे, खोबणी आणि चिरा निघाल्या ते अठरा तुकडे बाजूला पडले. उरलेल्या सहासष्टांतले नऊ माझ्या हातून बिघडले. सत्तावन्न राहिले. आपल्या मंडळाच्या सभासद चोपन्न. म्हणजे प्रत्येकीला एक करंडा पुरतो, आणि तीन शिल्लक राहतात.

करंडा कातणे लाटण्याइतके सोपे नाही. लाकडाची रेषा उभी ठेवायची, म्हणजे तोंड वाकडे होत नाही. आधी बाहेरून अडीच इंचांचा गोल करून घ्यायचा, मग झाकणाचा भाग कापून वेगळा करायचा आणि आतून पोखरायचे. झाकण बसते की नाही हे पुन्हा पुन्हा पाहायचे. एक केसभर जास्त घेतले की ढिले होते आणि सारी मेहनत फुकट जाते. गळ्याशी तांबड्या लाखेची एक रेघ तेवढी दिली आहे. आतून काही लावलेले नाही.

करंडे तयार झाले तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. करंडा कुंकवाचा, तो हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायचा असे ठरत होते. मग आपल्यातल्या ज्या चौदा भगिनींचे यजमान हयात नाहीत, त्यांचे काय? त्यांना वेगळे काही द्यावे, अशी सूचना आली. ती देणारीच्या मनात काही वाईट नव्हते. रीत म्हणून ती बोलली. मी सभेत उभी राहून बोलणारी नव्हे. पण त्या दिवशी उठले. मी म्हटले, "हे करंडे कातायला मला जिने शिकविले, तिच्याच हातात तो द्यायचा नसेल, तर बाकीचेही मी देत नाही." बोलताना माझा आवाज कापत होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही तुळई आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर होती. छप्पर कोणाला विचारून सावली देत नव्हते." करंडे सर्व सभासदांना, एकाच दिवशी, एकाच हाताने द्यायचे ठरले. त्याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे.

पहिला करंडा मी घरी आधीच सासूबाईंना दिला. त्यांनी तो कानाशी धरून झाकण फिरविले, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "बरो बसलो." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही. आता त्यात त्या रक्तदाबाच्या गोळ्या ठेवतात.

आपल्या गावच्या कलेचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा राजांचे नाव येईल, चिताऱ्यांचे येईल, काताऱ्यांचे येईल; ती यायलाच हवीत. त्यांच्याजवळ दोरी ओढणाऱ्या बायकांसाठी एक ओळ जागा ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे. आळीतल्या ज्या घरी अशा आजी असतील, त्यांनी त्यांना आजच विचारून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. तळहातांवरचे घट्टे आणखी किती वर्षे पाहायला मिळणार?

शिल्लक राहिलेले तीन करंडे मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत, पुढे येणाऱ्या सभासदांसाठी. दर गुरुवारी दुपारी ज्यांना कातकाम शिकायचे असेल त्यांनी आमच्या पडवीत यावे. घरी जुना खांब, मोडकी खाट, तुटका चौकट-दरवाजा असेल तर सर्पणात घालू नये, घेऊन यावे. खिळे काढून आणले तर उपकार होतील. शिकवायला मी आहे, आणि चुकले तर आतून सांगायला सासूबाई आहेत.